उजेडाच्या फाईलची जागा

मला राग लवकर येत नाही. आला की मात्र मी तो उधळून टाकत नाही. नीट घडी घालून कपाटात ठेवते आणि योग्य दिवस पाहून बाहेर काढते. आता जो सांगते आहे तो राग मी जवळजवळ दोन महिने जपला होता. तो आला होता एका फाईलवरून, आणि ती फाईल कोणत्या फोल्डरमध्ये ठेवायची यावरून. लोक बांधावरून भांडतात, मी फोल्डरवरून भांडले. बांधाच्या भांडणात निदान साक्षीला झाडं तरी असतात.

नगरच्या एमआयडीसीत आमची छोटी कंपनी आहे. शेतातली मोटार घरून चालू-बंद करायचं पॅनेल आम्ही बनवतो. शाळेच्या पाटीएवढा स्क्रीन, घराच्या भिंतीवर लावायचा. वीज गेली तरी पॅनेल स्वतःच्या बॅटरीवर जागं राहतं आणि शेतीच्या लाइनीला वीज आली की विहिरीवरच्या स्टार्टरला निरोप धाडतं. बॅटरी टिकावी म्हणून, कोणी हात लावला नाही तर एका मिनिटात स्क्रीन झोपतो. उन्हात अक्षरं दिसावीत आणि सावलीत ती डोळ्यांत घुसू नयेत म्हणून कोपऱ्यात उजेड मोजणारा एक सेन्सर आहे, तिळाएवढा. त्या तिळाशी बोलणारा ड्रायव्हर मी लिहिला. ड्रायव्हर म्हणजे दुभाष्या. चिप तिच्या भाषेत पुटपुटते, ड्रायव्हर ते ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला, म्हणजे कर्नेलला, समजावून सांगतो.

आता कर्नेलमध्ये अशा दुभाष्यांची अख्खी वसाहत असते आणि ते वेगवेगळ्या खोल्यांत राहतात. कीबोर्ड, माऊस, स्पर्शाचा स्क्रीन यांची खोली इनपुटची. त्या खोलीतून आवाज आला की सगळी सिस्टीम धरून चालते, माणसाने काहीतरी केलं. तापमान, दाब, उजेड असं बाहेरच्या जगाचं मोजमाप करणाऱ्यांची खोली सेन्सरची. तिथली रीत अशी की विचारलं तर आकडा सांगायचा, नाहीतर गप्प बसायचं. माझा ड्रायव्हर मी अर्थातच सेन्सरच्या खोलीत ठेवला. उजेड हा माणूस नव्हे. तो काही सांगायला येत नाही, तो नुसता असतो.

आमचे साहेब, म्हणजे टीमचे प्रमुख, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आणि आवाजाने दुप्पट. मूर्ख मुळीच नाहीत, हे आधीच सांगते. मूर्खावर सूड उगवण्यात काही मजा नसते. मीटिंगमध्ये त्यांनी माझी फाईल मोठ्या पडद्यावर उघडली आणि म्हणाले, "ही इनपुटमध्ये का नाही?"

"साहेब, इनपुट म्हणजे माणसाची इच्छा. हे तर मोजमाप आहे."

"मॅडम, उजेड बदलला की ब्राइटनेस बदलायचा. बटण दाबलं की काहीतरी होतं, तसंच हे. समजा, सूर्याने दाबलेलं बटण. इनपुटमध्ये टाकलं की ब्राइटनेसच्या प्रोग्रॅमला आपोआप कळतं, सारखं विचारत बसावं लागत नाही."

वाक्य छान होतं. सूर्याने दाबलेलं बटण. मलाही आवडलं असतं, दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर. मी म्हटलं, "पण मग स्क्रीनलाही वाटेल की माणूस आला. तो झोपणार कधी?"

साहेबांनी पेन टेबलावर ठेवलं आणि सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं. नटसम्राटी थाट करायची सवय मलाही आहे, त्यामुळे पुढे टाळीचं वाक्य येणार हे मी ओळखलं. म्हणाले, "मॅडम, हे काय स्वयंपाकघर आहे का, प्रत्येक डाळीला वेगळा डबा?"

सगळे हसले. मीही हसले. बत्तीस दात दाखवून, भरपूर हसले. त्याच हसण्याखाली मी रागाची पहिली घडी घातली.

दुसऱ्या दिवशी फाईल इनपुटमध्ये गेली. उजेड बदलला की बटणासारखी हाक जावी म्हणून साहेबांनी तिच्यात चार ओळी बदलल्या. इथवर मी सोसलं असतं. पण फाईलच्या माथ्यावर एक ओळ असते, लेखक कोण याची. ती वाचली तर तिथे साहेबांचं नाव. माझं नाव ना खाली, ना बाजूला, ना आभारापुरतं.

मी त्यांच्या टेबलाशी गेले. ते म्हणाले, "अहो, फाईल नवीन बनली ना. जो बनवतो त्याचं नाव आपोआप पडतं. एवढं काय मनाला लावून घ्यायचं?"

एरवी कंपनीच्या पोटातली फाईल, कोण बघतंय. पण त्याच आठवड्यात मालकांनी जाहीर केलं की शेतावरची चाचणी पार पडली की हा ड्रायव्हर बाहेर पाठवायचा. ज्या ऑपरेटिंग सिस्टीमवर आमचं पॅनेल चालतं ती जगाला खुली आहे. कोणीही आपला ड्रायव्हर पाठवू शकतो. तिथले जाणते लोक तो तपासतात आणि पटला तर कायमचा कर्नेलमध्ये घेतात. एकदा गेला की माथ्यावरचं नावही गेलं, सगळ्या जगात, आणि ते पुन्हा कोणी खोडत नाही. पंचवीस वर्षं मी कोड लिहिते आहे. माझं लिहिलेलं एवढं एकच काम त्या दारात उभं होतं, आणि त्याच्या कपाळावर दुसऱ्याचं नाव होतं.

मालकांकडे जाऊन रडता आलं असतं. माझं वय पन्नासच्या आसपास आहे, या वयात रडून मिळवलेलं पुढे फार ऐकून घ्यावं लागतं. शिवाय साहेबांनी पुन्हा डाळीचा डबा काढला असता. त्यांच्या खोलीत पॅनेल झकास चालत होतं. तिथे पांढऱ्या ट्यूबचा एकसारखा उजेड, काचेची बंद खिडकी, बंद दार. उजेड हललाच नाही तर बटण दाबलं जाणार कसं? स्क्रीन मिनिटभरात गुडुप. ते मला मुद्दाम दाखवायचे. मी म्हणायचे, "वा."

मग चाचणी कोणाच्या घरी घ्यायची यावर चर्चा निघाली आणि मी, जणू आत्ताच सुचलं अशा आवाजात, म्हणाले, "माझी थोरली बहीण शिंगणापूरला दिली आहे. विहीर आहे, मोटार आहे, कांदा उभा आहे. दाजी नाही म्हणायचे नाहीत. आणि मालक, ताईच्या हातची मासवडी तुम्ही एकदा खायलाच हवी."

साहेब खूश. आयतं घर, आयता शेतकरी, आणि मालकांसमोर चाचणी. त्यांनी मला धन्यवादसुद्धा दिले. मी ते घेतले, पदराला गाठ मारून.

ताईचं घर देवळाच्या गर्दीपासून लांब, मळ्यात आहे. गावातल्या जुन्या घरांसारखीच त्यालाही चौकट आहे, उंबरा आहे, दार नाही. चौकटीला ताईच्या जुन्या नायलॉनच्या साडीचा पडदा. कुत्री आत येऊ नयेत म्हणून खाली एक फळी टेकवलेली. पॅनेल लावायला आमचा माणूस आठवडाभर आधी येऊन गेला आणि त्याने ते, जसं सगळीकडे लावतो तसं, चौकटीसमोरच्या भिंतीवर लावलं. येता-जाता दिसावं म्हणून. ती जागा मी सुचवली नव्हती. सुचवायची गरजच पडली नाही, इतकी ती माझ्या मनासारखी होती.

एक गोष्ट मात्र मी आधीच केली होती. दाजींना फोन करून सांगितलं की जुना स्टार्टर काढू देऊ नका, बाजूला जोडलेला राहू दे. माझ्या भांडणात दाजींचा कांदा वाळवायचा नव्हता. दाजी म्हणाले, "मेव्हणीबाई, तुमचं यंतर चालनार न्हाई असं तुमीच सांगताय व्हय?"

"चालेल दाजी. पण एकदा पडलेलं बघायचंय."

"कोन पडनारे?"

"या तर खरं तुम्ही त्या दिवशी शेतातून लवकर."

चाचणीच्या दिवशी आम्ही अकराच्या सुमारास पोचलो. मालक, साहेब आणि मी. ऊन कडक होतं आणि वारा, देवाची कृपा, मजेत होता. ठरलं असं की घराच्या विजेची पिन काढायची, पॅनेल निव्वळ बॅटरीवर ठेवायचं. शेतीची लाइन तीनला येते, तेव्हा त्याने आपणहून मोटार चालू करून दाखवायची. झोपलेल्या स्क्रीनने ती बॅटरी दिवसभर पुरते. जाग्या स्क्रीनने साडेतीन तास, फार तर.

साहेबांनी पिन काढली, स्क्रीनला एकदा बोट लावलं आणि मागे सरकून घड्याळ पाहू लागले. एक मिनिट झालं. दोन झाली. स्क्रीन टक्क जागा.

"कोणी हात लावला?" साहेब म्हणाले.

"कोन बी शिवलं न्हाई, साहेब," दाजी म्हणाले. "आमी हितं खाटंवर."

साहेबांनी सगळ्यांना बाजूच्या भिंतीला नेऊन उभं केलं. मालकसुद्धा हाताची घडी घालून उभे. ताई परातीतलं पीठ मळायचं सोडून पाहत राहिली. पडदा वाऱ्याने फुगायचा, उन्हाचा पट्टा भिंतीवर चढायचा, पडदा खाली बसला की पट्टा उतरायचा. प्रत्येक चढ-उताराला तो तिळाएवढा सेन्सर इमानेइतबारे ओरडत होता, बटण दाबलं, बटण दाबलं. आणि स्क्रीन बिचारा यजमानासारखा डोळे उघडून बसला होता, कोणीतरी आलंय म्हणून.

साहेब पुटपुटले, "बाहेरचा उजेड फार हलतोय. एक काम करा, दार लावा."

ताईने दाजींकडे पाहिलं, दाजींनी माझ्याकडे. मी छताकडे.

"कोन्तं दार?" दाजींनी विचारलं.

"हे. हे पुढचं."

"साहेब, ते न्हाई आमच्याकं."

"म्हणजे दुरुस्तीला काढलंय का?"

"बसवलंच न्हाई," दाजी म्हणाले, अगदी सौजन्याने. "माझ्या आज्यानं बी न्हाई बसवलं. तुमी गावात आलात तवा बघितलं नसंल."

साहेब नगरात जन्मले, नगरात वाढले. शिंगणापुरात घरांना दारं नसतात हे त्यांना बालवाडीपासून ठाऊक होतं. पण खोलीत बसून काम करणाऱ्या माणसाचं असंच होतं. त्याला वाटतं, दार ही जगाची मूळ तरतूद आहे. मालकांनी खाली मान घालून मिशी चाचपली. मी ओठ इतके घट्ट मिटले होते की जबडा दुखायला लागला.

साहेब हरले नाहीत. त्यांनी पडदा काढायला लावला. आता वाऱ्याला फुगवायला काही उरलं नाही, उन्हाचा चौकोन जमिनीवर शांत पडला, आणि मिनिटभराने स्क्रीन खरंच झोपला. साहेबांचा चेहरा उजळला. "बघा. ड्रायव्हर बरोबर आहे. पडद्याचा प्रॉब्लेम होता."

ताई चहाचं ताट घेऊन चौकटीपुढून गेली. तिची सावली भिंतीवरून सरकली. स्क्रीन जागा झाला.

"वहिनी, जरा तिकडून या," साहेब म्हणाले.

"तिकडून म्हंजे कुठून? चूल हितं, मानसं तितं."

तेवढ्यात फळीवरून उडी मारून एक कोंबडी आत आली आणि तिने उन्हाच्या चौकोनात उभं राहून पंख झटकले. स्क्रीन पुन्हा लख्ख. दाजी मनापासून म्हणाले, "कोंबडीला बी सलाम करतंय की. लई मानसाळलेलं यंतर हाय."

"पडदा लावते मी आता," ताई म्हणाली. "कुत्री येत्यात. पडदा न्हाई निघायचा, साहेब. निघंल तर तुमचं ते निघंल."

पडदा पुन्हा लागला. आम्ही जेवायला बसलो. मासवडी उत्तम झाली होती, मालकांनी दोनदा वाढून घेतली. जेवताना प्रत्येक जण आपल्या ताटाकडे पाहण्याचं नाटक करत होता आणि प्रत्येकाचं लक्ष भिंतीवर होतं. स्क्रीनच्या कोपऱ्यातली बॅटरी हिरवी होती ती पिवळी झाली, पिवळी होती ती लाल झाली. मी रस्सा ओरपत होते. इतक्या चवीने मी कुठल्याही लग्नात जेवलेले नाही.

अडीचच्या पुढे कधीतरी स्क्रीन काळा पडला. तीनला शेतीची लाइन आली, शेजारच्या मळ्यातली मोटार घरघरायला लागली, आमची गप्प. दाजी उठले, धोतराचा सोगा आवरला, "चालू द्या तुमचं" म्हणाले आणि मोटारसायकलवरून विहिरीकडे गेले. पाच मिनिटांत जुन्या स्टार्टरने मोटार चालू झाली.

मालकांनी हात पुसले. "हे झोपत का नव्हतं?"

मीच सांगितलं. "स्क्रीनला वाटत होतं कोणीतरी बोट लावतंय."

"कोण?"

"पडदा. ताई. कोंबडी. उजेड बदलला की तो माणसाचं बटण म्हणून मोजला जातो. ड्रायव्हर इनपुटमध्ये आहे ना."

"कोणाचा आहे हा ड्रायव्हर?"

आता इथे मी माझं म्हणू शकले असते. दोन महिने त्याचसाठी जळत होते. पण मी लॅपटॉप उघडला, फाईल काढली आणि तिचा माथा मालकांपुढे धरला. मधाळ आवाजात म्हटलं, "साहेबांचा."

मालकांनी नाव वाचलं आणि साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी एकदा खाकरून घेतलं. आणि मग त्यांनी ते वाक्य उच्चारलं. "नाही, म्हणजे, मूळ कोड मॅडमचा आहे. सगळा त्यांचाच. मी फक्त जागा बदलली."

मी म्हटलं, "ताईला ऐकू आलं नाही, साहेब."

"मूळ कोड मॅडमचा आहे," ते जरा मोठ्याने म्हणाले.

"आमाला काय समजतंय त्यातलं," ताई म्हणाली, "पन ऐकू आलं."

परतीच्या वाटेवर गाडीत मालकांनी विचारलं, "आधी कुठे होती ही फाईल?" मी सांगितलं. ते म्हणाले, "उद्या परत तिथे न्या. नावासकट."

फाईल परत सेन्सरच्या खोलीत आली. माथ्यावर माझं नाव आलं. साहेबांच्या चार ओळी मी स्वतःच्या हाताने पुसल्या, एकेक करून, एकदम पुसता येत असूनही. शहाण्या बाईने इथे थांबायला हवं होतं.

ताईच्या घरी चाचणी पुन्हा घेतली, या वेळी पार पडली, आणि ड्रायव्हर बाहेर पाठवला. चाचणी कोणी घेतली याचीही एक ओळ तिथे लिहायची रीत असते. तिथे मी ताईचं नाव घातलं, तिला विचारून. दाजी फोनवर रुसले. "जमीन माझी, भित माझी, कोंबडी माझी, आन नाव हिचं?" मी म्हटलं, "दाजी, पडदा तिच्या साडीचा होता."

आठवड्याने तिकडच्या एका जाणत्याचं उत्तर आलं. कोड ठीक आहे, दोन ठिकाणी रिकामी जागा जास्त सुटली आहे, आणि एक प्रश्न आहे. उजेड मोजणारा हा ड्रायव्हर इनपुटमध्ये का ठेवला नाही? पृथ्वीच्या कुठल्या टोकाला बसलेल्या त्या माणसाला मी मनोमन दंडवत घातला. ही पत्रं उघडी असतात. कोणीही वाचावीत, आणि ती कायम राहतात.

मी पत्र घेऊन मालकांकडे गेले आणि म्हटलं, "याचं उत्तर साहेबांनी द्यावं. इनपुटमध्ये ठेवून पाहण्याचा प्रत्यक्ष अनुभव त्यांनाच आहे. माझं कसं, सगळं ऐकीव."

मालकांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. त्यांना सगळं समजलं होतं. पण मासवडीही आठवत असावी. "बरोबर आहे," ते म्हणाले.

साहेबांनी दोन दिवस लावले. तिसऱ्या दिवशी मी खुर्ची ओढून त्यांच्या टेबलासमोर बसले आणि चहा मागवला, दोघांना. त्यांनी लिहायला घेतलं. आधी दोन ओळींत उरकायला पाहिलं. मी म्हटलं, "साहेब, ते लोक कारण मागतात. घर कसं होतं ते नाही लिहिलं तर त्यांना कळायचं नाही." मग त्यांनी घर लिहिलं. चौकट लिहिली, दार नाही हे लिहिलं, पडदा लिहिला. कोंबडीशी येऊन थांबले.

"कोंबडी लिहायलाच हवी?"

"पुरावा आहे, साहेब."

त्यांनी कोंबडी लिहिली. शेवटी लिहिलं, "हा ड्रायव्हर इनपुटमध्ये ठेवण्याचा निर्णय माझा होता आणि तो चुकीचा ठरला." खाली पूर्ण नाव. पाठवायच्या बटणावर बोट ठेवून ते म्हणाले, "झालं तुमचं समाधान?"

"पाठवा आधी."

त्यांनी पाठवलं.

ड्रायव्हर घेतला गेला. सेन्सरच्या खोलीत, उजेडाच्या कप्प्यात, माझ्या नावाने आहे. साहेबांचं पत्रही जगापुढे आहे, ज्याला हवं त्याने वाचावं. लोक मला विचारतात, इतकं झालं, आता तरी सोडून दिलंत ना? साहेबांशी मी छान बोलते, डबा एकत्र खाते, त्यांच्या मुलीच्या वाढदिवसाला ड्रेसही नेला होता. पत्र मी छापून ठेवलेलं नाही. गरज नाही, ते मला पाठ आहे.